गावशिवारातील वारसास्थळाची शासनदरबारी नोंद कशी करावी

मराठवाड्यातील वेरूळ-अजिंठ्याची लेणी, औंढ्याचे नागनाथ मंदिर, कंधार आणि माहूरचे किल्ले यांची दप्तरे पूर्वीच तयार झालेली आहेत. प्रश्न उरतो तो मारुतीच्या पारावर टेकवून ठेवलेल्या वीरगळांचा (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळांचा), बाभळींनी वेढलेल्या बारवांचा (पायऱ्यांच्या विहिरींचा), गढ्यांचा, पांढरीच्या म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांचा, पिरांच्या ओट्यांचा आणि किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातील गोंड, कोलाम, आंध व परधान समाजांच्या देवस्थळांचा. यांतील बहुतेक स्थळे कोणत्याही शासकीय यादीत नाहीत. रस्ता रुंद झाला, तलाव झाला किंवा देवळाचा जीर्णोद्धार निघाला की ती मुकाट्याने नाहीशी होतात. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा वनहक्क समितीचे कार्यकर्ते यांना अशा स्थळाची नोंद शासकीय कार्यालयात टिकेल अशा पद्धतीने करता यावी, या हेतूने पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

नोंद आणि संरक्षण यांतील फरक

कामाला लागण्यापूर्वी आपण नेमके काय मागत आहोत हे स्पष्ट असावे. केंद्र शासनाचा १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम व त्याच धर्तीवरचा महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम हे दोन कायदे स्थळाला ‘संरक्षित’ दर्जा देतात. त्यासाठी शासनाला आधी प्राथमिक अधिसूचना काढावी लागते, हरकतींसाठी मुदत द्यावी लागते आणि त्यानंतरच अंतिम अधिसूचना निघते. २००७ मध्ये सुरू झालेल्या स्मारके व पुरावस्तूंच्या राष्ट्रीय मिशनचे काम मात्र माहिती संकलित करण्याचे आहे. त्या संग्रहात स्थळाचे नाव आले म्हणजे त्याला कायद्याचे कवच मिळाले असे होत नाही. मूर्ती, ताम्रपट यांसारख्या हलवता येणाऱ्या वस्तूंसाठी १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. देवराई असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर ठेवल्या जाणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीतही तिची नोंद करता येते. किनवटसारख्या अनुसूचित क्षेत्रात २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दाव्यात पवित्र झाडे, देवराया आणि दफनभूमी यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो. एकच स्थळ यांपैकी दोन-तीन दप्तरांत जाऊ शकते, म्हणून मूळ टिपण एकदाच परंतु पूर्ण करावे आणि प्रत्येक कार्यालयाच्या नमुन्यात त्यातून उतरवून घ्यावे.

केवळ नोंदीवर विसंबून राहू नये, हे सांगण्यासाठी दूरचे पण बोलके उदाहरण देता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन घळीतील शैलाश्रयांत सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराचे पुरावे मिळाले होते, आणि त्या भूमीचे पारंपरिक वारसदार असलेल्या पुटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांना ते स्थळ पूज्य होते. त्या स्थळाची शासनाला आणि खाण कंपनीला पूर्ण माहिती होती. तरीही २०१३ मध्ये मिळालेल्या शासकीय संमतीच्या आधारे मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी तेथे सुरुंग लावण्यात आले. शासनाला स्थळ ‘माहीत असणे’ पुरेसे ठरले नाही. आपल्याकडेही कागद पुढे सरकवण्याचे काम नोंदीनंतरच सुरू होते.

परवानगी आधी, कॅमेरा नंतर

स्थळाची मालकी कोणाचीही असो, त्याची राखण कोण करतो ते प्रथम शोधावे. सातबाऱ्यावर एकाचे नाव, पूजा दुसऱ्याकडे आणि वार्षिक जत्रेचा मान तिसऱ्याच घराण्याकडे, ही मराठवाड्यातील नित्याची स्थिती आहे. सरपंचांची संमती घेतली म्हणजे सर्वांची संमती मिळाली असे मानू नये. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने समाजाच्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचे काम ग्रामसभेकडे दिलेले असल्यामुळे ग्रामसभेचा ठराव घेणे हाच योग्य मार्ग होय. कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) जाताना गावचा नाईक व महाजन यांच्याशी आधी बोलावे, सोबत शक्यतो कोलामी बोलणारी व्यक्ती न्यावी, आणि पहिल्या भेटीत वही व मोबाइल दोन्ही पिशवीत ठेवावेत.

संमती घेताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात : स्थळ पाहता येईल का, त्याचे छायाचित्र काढता येईल का, आणि मिळालेली माहिती शासनाला देता येईल का. तिन्हींची उत्तरे एकच असतीलच असे नाही. काही देवस्थळी स्त्रियांनी जाऊ नये असा दंडक असतो, काही ठिकाणी पुरुषांना मज्जाव असतो, तर काही ठाणी वर्षातून ठरावीक दिवसांव्यतिरिक्त उघडत नाहीत. या दंडकांबद्दल नोंदकर्त्याचे मत काहीही असले तरी नोंदीच्या कामात ते पाळावेत. ज्या भागात आपण जाऊ शकलो नाही, तो भाग ‘पाहिला नाही, समाजाच्या प्रथेनुसार प्रवेश नाही’ असा सरळ लिहावा. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा अशी कबुली अधिक उपयोगी पडते.

शेतकऱ्याची भीतीही समजून घ्यावी. ‘उद्या सरकार शेत घेईल’ हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि त्याला थातूरमातूर उत्तर देणे अप्रामाणिक ठरेल. निव्वळ नोंदीमुळे सातबाऱ्यात बदल होत नाही, हे खरे आहे. परंतु स्थळ पुढे केंद्राच्या संरक्षणाखाली आले, तर २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही बाजू सांगितल्यावर मिळालेली संमतीच पुढे टिकते.

जागेवरचे काम

नांगरट झाल्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वी शिवार उघडे असते, गवत वाळलेले असते. पांढरीची टेकाडे आणि पडक्या जोत्यांच्या रेषा तेव्हाच नीट दिसतात. बारवेची पायऱ्यांपर्यंतची पाहणीही एप्रिल-मे मध्ये करावी. सोबत पन्नास मीटरचा फिता, काळे-पांढरे पट्टे रंगवलेली मोजपट्टी, विजेरी, होकायंत्र आणि कागदी वही असावी. मोबाइलच्या ॲपवर सर्व भिस्त ठेवू नये, कारण डोंगरपट्ट्यात संपर्क नसतो आणि दुपारच्या उन्हात पडदाही दिसत नाही.

स्थाननिश्चितीसाठी मोबाइलमधील जीपीएस पुरेसा असतो. मोकळ्या जागेत दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहून अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहावेत. पाचवे दशांश स्थळ साधारण एक मीटर अंतर दाखवते, परंतु मोबाइलची प्रत्यक्ष अचूकता अनेकदा पाच-दहा मीटरच्या पुढे जात नाही आणि वडाखाली ती आणखी ढासळते; म्हणून पडद्यावर दिसणारी त्रुटीही सोबत नोंदवावी. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही सर्रास आढळणारी चूक आहे. मराठवाड्यात अक्षांश साधारण १७ ते २१ आणि रेखांश ७४ ते ७९ यांच्या दरम्यानच येईल, एवढे लक्षात ठेवले तरी ती लगेच पकडता येते. याशिवाय गावातील कायम खुणेपासून, म्हणजे वेस, शाळा किंवा नदीवरील पूल येथून, दिशा आणि अंतर शब्दांत लिहावे.

छायाचित्रे दुरून जवळ या क्रमाने घ्यावीत. पहिल्यात परिसर, दुसऱ्यात संपूर्ण स्थळ, नंतर प्रत्येक बाजू आणि शेवटी तपशील. तपशिलाच्या प्रत्येक चित्रात मोजपट्टी असावी. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकसते आणि त्यासोबतची तारीख व स्थानाची माहितीही गळून पडते. चित्रातील हार, नारळ किंवा ध्वज ‘स्वच्छ’ चित्रासाठी दूर करू नयेत. स्थळ आज पूजेत आहे, हीच एक महत्त्वाची नोंद असते.

वीरगळीचे उदाहरण घेऊन ही पद्धत तपशिलाने पाहू. पारावर उभी केलेली वीरगळ बहुधा तिच्या मूळ जागी नसते. ती कोठून आणली, कोणाच्या आठवणीत आणली हे प्रथम विचारावे. त्यानंतर जमिनीच्या वरची उंची, रुंदी व जाडी मोजावी आणि खालचा भाग पुरलेला असल्यास तसे लिहावे, कारण पुरलेल्या भागात आणखी एक चौकट असू शकते. वीरगळ खालून वर वाचतात. सर्वांत खाली बहुधा धारातीर्थी पडलेला वीर असतो किंवा गायी दिसतात, आणि गायी असल्या तर गोधनाच्या रक्षणासाठी झालेल्या लढाईचे ते चिन्ह असते. त्यावर लढाईचे दृश्य येते, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर; माथ्यावर कलश आणि बाजूंना चंद्र-सूर्य असतात. प्रत्येक चौकटीचे वर्णन स्वतंत्र ओळीत लिहावे : किती आकृत्या आहेत, त्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हातात कोणते शस्त्र आहे, घोडा आहे की नाही. जे झिजले आहे ते ‘अस्पष्ट’ म्हणावे आणि त्याला कल्पनेने रूप देऊ नये. शेजारी काटकोनात वाकवलेल्या, बांगड्या भरलेल्या हाताचा दगड दिसला तर ती सतीशिळा. गाढवाचे शिल्प व सोबत मजकूर असेल तर ती गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड, आणि तिच्यावरील अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे.

अशा दगडांवर शेंदराची जाड पुटे चढलेली असतात. ती खरवडण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा. खरवडताना दगडाची कातळीही निघते, आणि ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावला त्याच्या भावना दुखावतात त्या वेगळ्याच. शिलालेखाच्या अक्षरांत खडू, पीठ किंवा भस्म भरून ती उठावदार करण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही, तीही सोडून द्यावी. सूर्य कलल्यावर दगडाच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरलेल्या विजेरीच्या प्रकाशात अक्षरे आपोआप उमटतात. प्रकाश डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून टाकून चार चित्रे घेतली की पुराभिलेख वाचणाऱ्याचे बरेचसे काम होते. ठसा घेण्याचे काम मात्र प्रशिक्षित व्यक्तीनेच, परवानगी घेऊन करावे. या भागात मराठी व संस्कृतबरोबर जुन्या कानडीतील आणि फारसीतील लेखही आढळतात, म्हणून लिपी ओळखता आली नाही तर ‘देवनागरी’ असे ठोकून देऊ नये.

बारवेची नोंद करताना प्रवेशमार्ग मोजावेत, कारण शिल्पशास्त्राच्या परंपरेत एक, दोन, तीन व चार प्रवेशांच्या बारवांना अनुक्रमे नंदा, भद्रा, जया आणि विजया म्हणतात. तथापि प्रत्येक बारव या चौकटीत बसत नाही. परभणी जिल्ह्यातील वालूरची गोलाकार फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव पाहिली म्हणजे हे पटते. पायऱ्यांचे टप्पे, भिंतींतील देवकोष्ठे, मोटेची जागा, पाण्याची त्या दिवशीची पातळी आणि आत टाकलेला कचरा किंवा राडारोडा यांची नोंद घ्यावी. एकट्याने खाली उतरू नये.

पांढरीच्या टेकाडांची गोष्ट आणखी निराळी आहे. जुन्या वस्तीची ही पांढरी माती धाब्याच्या घरांच्या माळवदांसाठी गावकरी वर्षानुवर्षे नेत आले आहेत, त्यामुळे टेकाडाच्या कापलेल्या कडेत खापरांचे थर, मोठ्या आकाराच्या विटा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि मणी उघडे पडलेले दिसतात. तेर, भोकरदन आणि पैठण येथील सातवाहनकालीन वस्त्या अशाच टेकाडांखाली सापडल्या. येथे नोंदकर्त्याने कडेची उंची व थरांचा रंग लिहावा, वस्तूंची जागच्या जागी मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत आणि काहीही उचलू नये, उकरू तर मुळीच नये. कोणास नाणी किंवा दागिने सापडल्याचे कळले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक असते, हे त्याला समजावून सांगावे.

तोंडी माहिती आणि जुने कागद

स्थळाचा अर्थ अनेकदा दगडात नसून सांगणाऱ्याच्या तोंडी असतो. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा परधान गायक परंपरेने किंगरी या तंतुवाद्यावर गात आले आहेत. त्यांच्याकडून मिळालेली माहिती मूळ बोलीत ध्वनिमुद्रित करावी आणि मराठी सारांश त्याखाली वेगळा लिहावा. ज्येष्ठांना सन विचारून उपयोग नसतो. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर’, ‘रझाकारांच्या वेळी येथे काय होते’, ‘किल्लारीच्या भूकंपात काय पडले’ असे विचारले की काळाची सांगड लगेच लागते. लातूर-धाराशिव भागात तर सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अनेक गावांचे पुनर्वसन झाल्यामुळे ‘जुने गाव’ हेच एक स्वतंत्र स्थळ मानून नोंदवावे लागते. जायकवाडीच्या फुगवट्याखाली गेलेल्या गावांतील देव कोठे हलवले गेले, हेही आता विचारून ठेवले पाहिजे, कारण ते सांगणारी पिढी सत्तरी ओलांडून गेली आहे.

एकाच स्थळाला दोन समाज दोन नावांनी ओळखत असतील, एक नाथाची समाधी म्हणत असेल आणि दुसरा पिराची दर्गा, तर दोन्ही नावे समान अक्षरांत, सांगणाऱ्यांच्या उल्लेखासह नोंदवावीत. त्यांतील ‘खरे’ कोणते याचा निवाडा करणे नोंदकर्त्याच्या अधिकारात बसत नाही, आणि मराठवाड्यात तर अशा निवाड्याच्या घाईने चांगली कामे अडलेली आहेत.

कागदपत्रांत सातबारा, गाव नकाशा आणि गट क्रमांक ही किमान गरज आहे. त्यापलीकडे जायचे असेल तर मराठवाड्याचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो : सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्यामुळे देवस्थानांच्या व दर्ग्यांच्या इनामांचे मुंतखब (मंजुरीचे दाखले) उर्दू-फारसीत असतात, तर जमिनीच्या कब्जासाठी खासरा पाहणी पत्रक पाहावे लागते. त्यांतील फसली सनात (महसुली वर्षात) ५९० मिळवले की इसवी सन साधारण मिळतो. शिलालेखातील शकात ७८ मिळवावे, आणि लेखातील महिना पौषापुढचा असेल तर बहुधा ७९. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची स्थापना १९१४ मध्ये झाली होती, त्यामुळे काही स्थळांचे उल्लेख त्या खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांतही मिळू शकतात.

नमुना भरताना

वर्णनातील विधाने तीन प्रकारची असतात आणि ती परस्परांत मिसळू देऊ नयेत : स्वतः पाहिलेले, कोणी सांगितलेले आणि आपण अनुमानाने काढलेले. ‘मंदिर यादवकालीन आहे’ हे विधान नोंदीत येऊ नये, ‘बांधणी चुन्याशिवाय, दगडांना खाचा पाडून जोडलेली आहे, गावकरी त्यास हेमाडपंती म्हणतात, खांबांच्या घडणीवरून यादवकाळाचा अंदाज होतो, तज्ज्ञांची पाहणी आवश्यक’ असे लिहावे. पुढे तज्ज्ञाने काळ बदलला तरी अशी नोंद चुकीची ठरत नाही. सद्यःस्थितीच्या रकान्यात ‘दुरवस्था’ हा शब्द लिहून थांबू नये. पिंपळाचे मूळ कोणत्या भिंतीत शिरले आहे, किती दगड निखळले आहेत, कोणत्या वर्षी तैलरंग दिला, फरशी कधी बसवली हे लिहावे. धोक्याच्या रकान्यात नियोजित रस्ता, उत्खनन, जीर्णोद्धार समितीचा ठराव अशी प्रत्यक्ष कारणे द्यावीत.

गोपनीयतेचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. गुप्तधनाच्या लोभापायी नंदी उखडणारी, शिवलिंगाखाली खड्डे खणणारी माणसे आपल्या भागात आहेत, आणि निर्जन स्थळाचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे त्यांना वाट दाखवणे होय. व्हिक्टोरिया या ऑस्ट्रेलियातील राज्यात २००६ च्या कायद्यानुसार ठेवलेली आदिवासी वारशाची नोंदवही सर्वसामान्यांना खुली नसते. आपल्याकडे तशी सोय गृहीत धरता येत नाही, म्हणून नोंदीचे दोन भाग स्वतःच करावेत. पहिल्यात गाव, प्रकार, वर्णन आणि निवडक छायाचित्रे. दुसऱ्यात नेमके स्थान, आतील भागाची चित्रे आणि समाजाने मर्यादित ठेवण्यास सांगितलेली माहिती. दुसरा भाग बंद लिफाफ्यात, ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असे लिहून आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून द्यावा. जी गोष्ट बाहेर जाऊच नये असे समाजाने सांगितले असेल, ती लिफाफ्यातही घालू नये. कार्यालयात गेलेला कागद कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात राहत नाही.

सादर करणे आणि पाठपुरावा

प्रस्ताव राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संबंधित सहायक संचालकांकडे द्यावा आणि त्याच्या प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार व ग्रामपंचायतीस द्याव्यात. स्थळ वनजमिनीवर असल्यास वनविभागालाही प्रत द्यावी. ग्रामपंचायतीची प्रत सर्वांत महत्त्वाची समजावी, कारण रस्त्याचे किंवा बांधकामाचे काम निघते तेव्हा पहिला कागद तेथेच फिरतो. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या दृष्टीने दिलेलाच नसतो. तीन-चार महिन्यांत उत्तर आले नाही तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे, आणि त्यानंतरही शांतता राहिली तर माहितीच्या अधिकारात प्रस्तावाची सद्यःस्थिती विचारावी.

माहिती देणाऱ्या मंडळींना छापील प्रत व ध्वनिमुद्रणाची प्रत परत नेऊन द्यावी आणि वाचूनही दाखवावी, कारण चुका बहुधा त्याच वेळी निघतात. दुरुस्ती करताना जुना मजकूर खोडू नये. तारीख घालून पुरवणी जोडावी. त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपला की त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे आणि ते तारखेसह मूळ प्रस्तावाच्या आवक क्रमांकाखाली कार्यालयास पाठवीत राहावे.